कोंबड्या आजारी पडल्या, मग आपोआप बऱ्या झाल्या: ख्रिस्तियान आइकमान आणि कोंड्याची गोष्ट

आज ना नवीन फोनचा रिव्ह्यू आहे, ना एखाद्या ॲपची ट्रिक. आज कोंबड्या, तांदळाचा कोंडा आणि एक डच लष्करी डॉक्टर अशी गोष्ट आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सध्या पोल्ट्री फार्मचा डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. शेडचं तापमान, पक्ष्यांचं वजन, रोजची मर, खाद्याची गोणी, असं सगळं त्यात येतं. ब्रॉयलरच्या खाद्यात फायबर किती असावं हे समजून घ्यायला मी वाचायला बसलो आणि मागे मागे जात १८८० च्या दशकातल्या जावा बेटावर पोहोचलो. तिथे जो माणूस भेटला त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. चला तर मग सुरू करूया.

कोण होता हा माणूस?

ख्रिस्तियान आइकमान यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदरलँड्समधल्या नायकेर्क या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आणि घरात हे सातवं अपत्य. दुसऱ्याच वर्षी वडिलांना झानदाम इथे नव्या शाळेची जबाबदारी मिळाली, म्हणून कुटुंब तिकडे गेलं. १८७५ मध्ये आइकमान ॲमस्टरडॅमच्या लष्करी वैद्यकीय शाळेत दाखल झाले. शिक्षण झालं की सरकारच्या ईस्ट इंडीज सैन्यात, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, डॉक्टर म्हणून जायचं असं ठरलेलं होतं. एक प्रकारे बॉण्डच म्हणा.

अभ्यासात पोरगा हुशार होता. शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांचा सहायक म्हणून दोन वर्षं काम केलं, मज्जातंतूंवर प्रबंध लिहिला आणि जुलै १८८३ मध्ये सन्मानाने डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी ते जावाला रवाना झाले. आधी समारांग, मग चिलाचाप, मग सुमात्रा बेटावरचं पाडांग सिडेंपुआन अशा बदल्या झाल्या. चिलाचापला मलेरियाने गाठलं. तब्येत इतकी खालावली की १८८५ मध्ये रजा घेऊन युरोपात परतावं लागलं. पुढच्याच वर्षी पत्नीचं निधन झालं. तिशीही गाठली नव्हती आणि हातात मोडलेली तब्येत, रिकामं घर.

याच काळात त्यांनी बर्लिनला जाऊन रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. कॉख म्हणजे त्या काळचे रॉकस्टार. १८८२ मध्ये त्यांनी क्षयरोगाचा जंतू शोधून काढला होता. त्यानंतर सगळ्या जगाने एकच चष्मा घातला: रोग आहे ना, मग त्याच्यामागे जंतू असणारच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेरीबेरी नावाचं कोडं

त्या वेळी ईस्ट इंडीजमध्ये बेरीबेरी नावाचा आजार धुमाकूळ घालत होता. पाय जड होतात, बधिर होतात, चालता येत नाही, कधी अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय बंद पडतं. १८७३ पासून डच सैन्य सुमात्राच्या आचे प्रांतात युद्ध लढत होतं आणि तिथले सैनिक या आजाराने खाटेला खिळत होते. तुरुंगात, जहाजांवर, बराकीत, जिथे माणसं एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातलं खात होती तिथे हा आजार जास्त दिसायचा. एकत्र राहणाऱ्यांना होतो म्हणजे संसर्गच असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

सरकारने पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. जाण्याआधी ते दोघं बर्लिनला कॉख यांच्याकडे आले आणि तिथे त्यांना आइकमान भेटले. पथकाचे मदतनीस म्हणून आइकमान पुन्हा जावाला निघाले. ज्या बेटाने त्यांना आजारी केलं होतं, त्याच बेटावर.

पथकाने रुग्णांच्या रक्तातून एक जंतू वेगळा काढला, बराकी निर्जंतुक करायची शिफारस केली आणि १८८७ मध्ये दोघं प्रमुख परत गेले. जाताना पेकेलहारिंग यांनी एक चांगलं काम केलं. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात उभी केलेली तात्पुरती प्रयोगशाळा कायमची करावी असं त्यांनी सुचवलं. जानेवारी १८८८ मध्ये आइकमान तिचे पहिले संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी दुसरं लग्नही केलं. स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देणारी शाळाही त्यांच्याकडेच होती.

कंट्रोल ग्रुपच आजारी पडला

आता खरी मजा. आइकमान यांना तो जंतू प्राण्यांत टोचून बेरीबेरी घडवून दाखवायचा होता. कोंबड्या स्वस्त, शिवाय भरपूर ठेवता येतात, म्हणून त्यांनी कोंबड्या घेतल्या. काहींना टोचलं, काहींना तसंच ठेवलं. न टोचलेल्या म्हणजे आपला कंट्रोल ग्रुप. आपण ॲपमध्ये अर्ध्या युजर्सना नवीन फीचर देतो आणि अर्ध्यांना जुनंच ठेवतो, तसंच हे.

काही दिवसांनी कोंबड्या लटपटायला लागल्या. चाल बिघडली, दांडीवर बसता येईना, मग एका कुशीवर पडून राहायच्या, तुरा निळसर व्हायचा आणि जीव जायचा. मेलेल्या कोंबड्यांचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बेरीबेरीच्या रुग्णांसारखाच बिघाड. वाटलं, जमलं!

पण न टोचलेल्या कोंबड्याही तशाच आजारी होत्या. बरं, संसर्ग पसरला असेल म्हणून त्यांनी निरोगी कोंबड्या वेगळ्या ठेवल्या. त्याही आजारी पडल्या. आणि मग, हे सगळं कळायच्या आतच, एके दिवशी आजार थांबला. नवीन कोंबड्यांना होईना आणि आजारी होत्या त्या बऱ्या व्हायला लागल्या.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख नीट कळेल. बग सापडला नाही तरी एकवेळ चालतं, पण आपोआप गायब झालेला बग सगळ्यात भीतीदायक असतो. बरेच जण अशा वेळी तिकीट बंद करून पुढे जातात. आइकमान यांनी ते उघडं ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला: मधल्या काळात बदललं काय?

शोध घेतल्यावर कळलं ते असं. प्रयोगशाळेतल्या माणसाने पैसे वाचवायला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला भात कोंबड्यांना घालायला सुरुवात केली होती. हा भात उत्तम पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा. मग रुग्णालयाचा स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याचं म्हणणं, लष्कराचा तांदूळ लष्करासाठी आहे, बिगर-लष्करी कोंबड्यांसाठी नाही. भात बंद झाला आणि कोंबड्या परत साध्या, कमी सडलेल्या तांदळावर आल्या. तारखा जुळवल्या तेव्हा दिसलं की रुग्णालयाचा भात १७ जून ते २७ नोव्हेंबर एवढाच काळ चालू होता. आजार १० जुलैला सुरू झाला होता आणि नोव्हेंबरच्या शेवटी ओसरला होता.

म्हणजे उत्तर जंतूच्या नमुन्यात नव्हतं, खाद्याच्या हिशोबात होतं. त्या हिशोबाच्या तारखा मिळाल्या नसत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. कोणी कधी काय बदललं याची नोंद का ठेवायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

एकेक गोष्ट बदलून बघणं

दोन तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. आइकमान यांनी पुढची वर्षं एकेक शक्यता तपासली. शिजवल्यामुळे होतं का? कच्चा पॉलिश तांदूळ घातला, तरी आजार. तांदूळ जुना, खराब झालेला होता का? ताजा सडून पॉलिश केलेला घातला, तरी आजार. मग उलट बाजूने: सालीसकट भात घातला, तर कोंबड्या ठणठणीत. फक्त वरचं टरफल, म्हणजे तूस, काढलं पण आतलं पातळ साल राहू दिलं, तरी ठणठणीत. पॉलिश तांदळाबरोबर कोंडा दिला, तर आजारी कोंबडीही उठून उभी राहिली.

इथे थोडं थांबून दाण्याची रचना बघूया, म्हणजे फायबरचा संबंध कळेल. साळीच्या दाण्यावर बाहेरून तूस असतं. ते जवळजवळ सगळं कडक तंतू आणि सिलिका. त्याच्या आत तपकिरी पातळ थर आणि अंकुर, ज्याला आपण कोंडा म्हणतो. त्यात तंतू, तेल, प्रथिनं, खनिजं आणि जीवनसत्त्वं असतात. सगळ्यात आत पांढरा भाग, म्हणजे मुख्यतः स्टार्च. कोंड्यातल्या तेलामुळे तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून टिकवायला आणि पांढराशुभ्र दिसायला कोंडा काढून टाकायचा. पूर्वी हे काम उखळ-मुसळाने व्हायचं, त्यात थोडा कोंडा राहायचाच. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि दाणा पूर्ण सोलला जाऊ लागला. म्हणजे टेक्नॉलॉजी सुधारली आणि त्यासोबत आजार वाढला.

मग कोंड्यातला तंतूच कामाचा होता का? आइकमान यांना दिसलं की कोंड्याचा पाण्यात काढलेला अर्कही कोंबड्यांना बरं करतो. कडक तंतू पाण्यात विरघळत नाही, तो चोथ्यात मागे राहतो. म्हणजे बरं करणारी गोष्ट तंतूसोबत राहणारी, पण तंतूपेक्षा वेगळी होती.

कोंबड्यांपासून माणसांपर्यंत

कोंबडीला झालं म्हणजे माणसाला होईलच असं नाही, हे आइकमान यांना माहीत होतं. जावाचे आरोग्य निरीक्षक अडॉल्फ व्होर्डरमन यांच्याशी ते यावर बोलले. वेगवेगळ्या तुरुंगांत वेगवेगळा तांदूळ द्यायची पद्धत आधीपासूनच होती. म्हणजे प्रयोग जणू आपोआप चालू होता, फक्त आकडे गोळा करायचे होते. व्होर्डरमन यांनी जावा आणि मदुरा इथल्या सुमारे १०० तुरुंगांची, म्हणजे जवळपास २,८०,००० कैद्यांची माहिती जमवली. पॉलिश तांदूळ खाणाऱ्यांत साधारण ४० जणांमागे एकाला बेरीबेरी होता. कोंडा राखलेला तांदूळ खाणाऱ्यांत साधारण १०,००० जणांमागे एकाला. इमारत किती जुनी, हवा किती खेळती, गर्दी किती, हेही त्यांनी तपासलं. त्याचा संबंध दिसला नाही.

एवढा फरक कुठल्याही डॅशबोर्डवर दिसला तर खुर्चीतून उठायला होईल. यामागे हजारो माणसांचे पाय आणि प्राण होते, हे विसरू नका. तरीही लोकांना लगेच पटलं नाही. जंतूचा चष्मा उतरायला वेळ लागला.

डेटा बरोबर, कारण चुकलेलं

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. आइकमान यांचे प्रयोग बरोबर होते, पण त्यांनी लावलेला अर्थ चुकला होता. साबुदाण्यासारख्या इतर स्टार्चनेही कोंबड्या आजारी पडतात हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी ठरवलं की स्टार्चमुळे शरीरात काहीतरी विष तयार होत असावं आणि कोंड्यातला पदार्थ त्या विषाचा उतारा असावा. काहीतरी वाईट आत येतंय, हा जंतूंच्या काळातला विचार त्यांना पूर्ण सोडवला नाही.

मार्च १८९६ मध्ये तब्येतीमुळे त्यांना जावा सोडावं लागलं. त्यांच्या जागी काम पुढे नेणारे खेरित ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये गोष्ट उलटी करून मांडली. विष वगैरे काही नाही. अन्नात एखादा गरजेचा पदार्थ नसला की मज्जातंतू बिघडतात. ग्रेन्स यांनी हेही दाखवलं की हिरव्या मुगानेही हा आजार टळतो. वरणभात किंवा मुगाची खिचडी खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरं वाटेल. तसंच कोकणात आणि गोव्यात खातात तो उकडा तांदूळ. भात सालीसकट उकडताना कोंड्यातलं हे जीवनसत्त्व दाण्यात आत मुरतं, म्हणून नंतर सडला तरी बराच भाग शिल्लक राहतो.

हा पदार्थ म्हणजे थायमिन, आपलं जीवनसत्त्व बी-१. शरीरात स्टार्चपासून ऊर्जा काढायला ते लागतं. स्टार्च जितकं जास्त, तितकी थायमिनची गरज जास्त. म्हणजे आइकमान यांना स्टार्चचा जो संबंध दिसला होता तो खराच होता, फक्त त्यात विष नव्हतं, तुटवडा होता.

पुढची वर्षं

१८९८ मध्ये आइकमान उत्रेख्त विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का हे सुमारे ४६ अंश सेल्सिअसला तपासण्याची त्यांची चाचणी पिण्याच्या पाण्यासाठी फार उपयोगी ठरली. जावात असतानाच त्यांनी आणखी एक गैरसमज मोडला होता. उष्ण प्रदेशात गेलं की युरोपियन माणसाचं रक्त पातळ होतं असं तेव्हा मानत. आइकमान यांनी मोजमाप करून दाखवलं की तसं काही होत नाही.

१९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा पदार्थांना व्हिटॅमिन हे नाव सुचवलं. १९२६ मध्ये यानसेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले, तेही आइकमान यांच्याच जुन्या बटाव्हियाच्या प्रयोगशाळेत. ते स्फटिक त्यांनी उत्रेख्तला आइकमान यांच्याकडे पाठवले आणि म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पक्ष्यांवर तपासून ते काम करतात याची खात्री केली. पदार्थ कमी पडल्याने आजार होतो हे तोवर त्यांनीही मान्य केलेलं होतं. १९२९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्याबरोबर मिळालं. आजारपणामुळे ते घ्यायला जाता आलं नाही. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उत्रेख्तमध्ये त्यांचं निधन झालं. १९३८ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं.

टेकप्रेमींसाठी एक भर: थायमिन कारखान्यात बनवता येईल असा शोध १९३६ मध्ये लावणारे रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म आपल्या देशात, नेल्लोरला झाला होता. आणि ते नोकरी करत होते बेल लॅब्जमध्ये, जिथे पुढे ट्रान्झिस्टर जन्मला.

मग आजच्या ब्रॉयलरचं काय?

ब्रॉयलर म्हणजे साधारण सहा आठवड्यांत विक्रीला येणारा पक्षी. त्याला वाढायला भरपूर ऊर्जा लागते, म्हणून खाद्यात मका आणि सोयाबीन पेंड मुख्य असते. फायबरला बरीच वर्षं नुसती भरती समजलं गेलं: पोट भरतं, वजन वाढत नाही, म्हणून जितकं कमी तितकं बरं. गोणीवर क्रूड फायबर म्हणून जो आकडा दिसतो तोही जुनाच. जर्मनीत १८६० च्या दशकात ठरलेल्या पद्धतीने नमुना आम्लात आणि अल्कलीत उकळून उरलेलं मोजतात. त्यात बराचसा तंतू विरघळून निघून जातो, म्हणून हा आकडा खऱ्या तंतूपेक्षा कमीच येतो.

शिवाय सगळं फायबर सारखं नसतं. गहू, बार्ली, राय यांतला विरघळणारा तंतू आतड्यात चिकट घोळ करतो, पचन मंदावतं, विष्ठा ओली होते आणि शेडमधलं तूस भिजतं. यावर उपाय म्हणून खाद्यात झायलनेजसारखी एन्झाइम घालतात. उलट ओटचं टरफल किंवा भाताचं तूस यांसारखा न विरघळणारा तंतू दोन-तीन टक्के असेल तर पक्ष्याचा पेटा मजबूत होतो. पेटा म्हणजे कलेजीबरोबर मिळतो तोच, कोंबडीची आतली गिरणी. तो नीट चालला की बाकीचं खाद्यही चांगलं पचतं.

आणि थायमिन? ते आता प्रीमिक्समधून मोजून घालतात. किलोभर खाद्याला साधारण १.८ मिलिग्रॅमची गरज असते. एवढंसं कमी पडलं तर पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे बघत बसतं. १३० वर्षांपूर्वीचाच आजार, दुसऱ्या शेडमध्ये.

मला यातून कामाची गोष्ट मिळाली ती अशी. एखादी वस्तू काढून टाकताना तिच्यासोबत काय काय जातंय हे आपल्याला माहीत नसतं. कोंडा टाकणाऱ्यांना वाटलं आपण फक्त कचरा काढतोय. कोडमधला जुना, निरुपयोगी दिसणारा तुकडा काढतानाही असंच वाटतं. म्हणून काढा जरूर, पण कधी काढला ते लिहून ठेवा, आणि कंट्रोल ग्रुपने विचित्र काही केलं तर त्याच्यावर चिडू नका. तो बहुतेक तुम्हाला काहीतरी सांगत असतो.

पुढच्या वेळी चिकनच्या दुकानात कलेजी-पेटा मागाल तेव्हा त्या बिगर-लष्करी कोंबड्यांची आठवण काढा. आणि नियमावर बोट ठेवणाऱ्या त्या स्वयंपाक्याचीही. त्याचं नाव कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात आलं नाही, पण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्याची खुर्ची पक्की आहे.